नंबर कोणालेच सांगाचा नाई

मंडईच्या, म्हणजे गावच्या वर्षाच्या जत्रेच्या दिवशी घरात भांडण नको, असं थोरल्या सुनेने, सरिताने सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. भांडण तसं झालंही नाही. पण पोस्टमन लिफाफा देऊन गेला आणि चहा संपायच्या आत घरात दोन-तीन पक्ष तयार झाले.

लिफाफा बँकेचा होता. सही बायनाबाईने केली, लिफाफा तिच्या पोराने, प्रफुल्लने घेतला. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. नवरा गुलाबभाऊ गेल्यापासून बायनाबाईच्या पेन्शनचा सगळा व्यवहार थोरला म्हणून प्रफुल्लच पाहत होता. आरमोरीच्या राइस मिलमधून येताना तो पैसे काढून आणायचा आणि आईच्या हातात ठेवायचा.

कात्रीने कडा कापून त्याने कार्ड बाहेर काढलं. निळं, कोरं करकरीत. एका बाजूला सोनेरी चिप, तिच्या शेजारी पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लहरींची खूण.

"हे टॅपवालं होय, दादा," धाकटा सुनिल म्हणाला. तो कालच नागपूरहून आला होता आणि आल्यापासून मोबाइलची रेंज शोधत अंगणभर फिरत होता. "मशीनले नुसतं टेकवाचं. लहानसहान सामानाले पिनबी मागत नाई."

"पिन मागत नाई?" प्रफुल्लचा चेहरा पडला. "म्हणजे आज मंडईच्या गर्दीत कोणी मशीन घेऊन बाजूले उभा राह्यला, तं खिशातल्या खिशात पैसे गेले?"

"तसं नसते गा."

"तुले काय माहीत? मी ट्रेनिंग घेतलं हाय."

हे ट्रेनिंग म्हणजे तालुक्याला झालेला ऑनलाइन फसवणुकीवरचा एका दिवसाचा कार्यक्रम. तेव्हापासून पळसझरी गावात प्रफुल्लचं भाषण ऐकलं नाही असा माणूस उरला नव्हता. त्याने बहिणीला हाक मारली, "रोशनी, पोट्ट्यायच्या पोळ्या गुंडाळून आणल्या तो चमकीचा कागद आण."

रोशनी चिमूरहून दोन पोरं आणि तीन पिशव्या घेऊन मंडईला आली होती. तिने कागद आणून दिला. चोराच्या मशीनला सापडू नये म्हणून प्रफुल्लने त्यात कार्ड गुंडाळलं.

"आता पाकिटात ठेवतो. सोमवारी मिलमधून जाऊन पिन करून घेईन."

"त्यापेक्षा खातं माह्या मोबाइलवर घेऊ न," सुनिल म्हणाला. "मायले पायजे तवा मी तिकडून पाठवीन."

"तू नागपूरले बसून? जसं हाय तसं भाऊजवळच राहू द्या," रोशनी म्हणाली. "मायच्या हाती दिलं तं उद्या धुण्यासंगं धुऊन टाकन."

बायनाबाई खांबाला टेकून वांगी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली.

"मले दाखवा तं."

प्रफुल्लने पुडी दिली. तिने कागद सोडवला, कार्ड उजेडाकडे धरलं आणि उठावदार अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे माहं नाव होय?"

"हो न."

"मंग राहू द्या माह्याजवळ."

तिने कार्ड बटव्यात टाकलं, बटवा कमरेला खोचला आणि पुन्हा विळीवर बसली. तिघंही हसले. बुढीने गंमत केली असं त्यांना वाटलं. चुलीपाशी वड्यांचं पीठ मळणारी सरिता तेवढी हसली नाही. वांगी चिरून झाल्यावर सासू "भागीरथाकडे जाऊन येतो" म्हणत पायात चपला घालू लागली, तेव्हा सरिताने मान खाली घालून नुसतं "हो" म्हटलं.

*

शेजारणीचं, भागीरथाचं घर डावीकडे होतं. बायनाबाई उजवीकडे वळली, सडकेवर आली आणि आरमोरीकडे जाणाऱ्या ऑटोत बसली. दोन्ही बाजूंनी धान कापून झाल्याने शेतांचे बांध उघडे पडले होते. ऑटोतून मंडईला आलेले पाहुणे इथेच उतरले होते, त्यामुळे जागा मिळाली.

तिने बटवा दोनदा चाचपून पाहिला. बँकेत ती याआधी गेली नव्हती असं नाही. हयातीच्या दाखल्याला दरवर्षी जायची. पण तेव्हा प्रफुल्ल पुढे असायचा आणि ती मागे. खिडकीतला माणूस प्रफुल्लला विचारायचा, "बुढी हायेत न?" आणि तिथे उभी असलेली ती हसून दाखवायची.

गुलाबभाऊ असताना कार्डाला मागे काळी पट्टी होती. मशीनने कार्ड घेतलं नाही की ते पट्टी पँटला घासायचे, फुंकर मारायचे आणि पुन्हा घालायचे. वनरक्षकाच्या खाकी पँटीवर घासून घासून ती पट्टी पांढरी पडली होती. मग चिपचं कार्ड आलं. ते आलं त्याच वर्षी गुलाबभाऊ गेले, आणि पुढे ते कार्ड प्रफुल्लच्या पाकिटात राहिलं.

आज खिडकीवर दीपिका नावाची मुलगी होती.

"नव्या कार्डाचा नंबर कराचा हाय," बायनाबाई म्हणाली. "आन् हा माहा मोबाइल. याच्यावर बँकेचे मेसेज आले पायजेत."

मुलीने तिच्यामागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"एकट्याच आलात आजी?"

"हो. काऊन? चालत नाई?"

"चालते न. उलट बरं हाय." दीपिकाने पासबुक मागितलं, अर्ज भरून सही घेतली. "मोबाइल नंबर बदलाले एकदोन दिवस लागतीन. पिन आज होऊन जाईन, पण ओटीपी जुन्या नंबरवर जाईन. शेवटी तीनशे बारा येते तो मोबाइल कोणाजवळ हाय?"

"माह्या पोराजवळ."

"मंग त्यायले फोन लावा. आलेला नंबर विचाराचा. लवकर, तो जास्त वेळ चालत नाई."

दीपिका तिला बाहेरच्या एटीएमपाशी घेऊन आली. नव्या मशीनने कार्ड निम्मं गिळून धरून ठेवलं, तेव्हा बायनाबाईचा जीव वरखाली झाला.

"वापस देते न?"

"काम झाल्यावर देते. पहिलेसारखं घातलं-काढलं नाई होत आता. तुमी फोन लावा."

*

फोन आला तेव्हा प्रफुल्ल अंगणात पाहुण्यांच्या मधोमध बसला होता. आरमोरीचा मामा, रोशनीच्या सासरची माणसं, शेजारची चार घरं. रात्रीच्या नाटकाची तिकिटं, झाडीपट्टीच्या कोणत्या मंडळात कोणती नटी चांगली गाते, असं सगळं बोलणं रंगलं होतं. त्याच वेळी मोबाइलवर ओटीपीचा मेसेज वाजला आणि पाठोपाठ अनोळखी नंबरवरून फोन.

प्रफुल्लच्या अंगात वीज शिरली. तो उभा राहिला.

"पाह्य! सांगत होतो न? कार्ड आल्याबरोबर पाठीमागं लागले. कोणी बोलू नका, मी स्पीकरवर टाकतो. सगळ्यायनं आयका कसे फसवतेत ते."

सगळे खाटा ओढून जवळ सरकले.

"हॅलो, प्रफुल्ल? मी माय बोलतो," फोनमधून आवाज आला. "तुह्या मोबाइलवर नंबर आला असन. सांग लवकर."

प्रफुल्लने सगळ्यांकडे पाहून डोळे मोठे केले. फोनवर तळहात ठेवून तो कुजबुजला, "आवाज पाह्यला? हुबेहूब. आजकाल कम्प्युटरवर काढतेत."

"माय तं भागीरथाबाईकडे गेली हाय," रोशनी घाबरून म्हणाली.

"तेच तं!" त्याने हात काढला. "ओ मॅडम, ओटीपी कोणालेच सांगाचा नाई, हे मले माहीत हाय. दुसरं घर पाहा."

"मॅडम कोणाले म्हणतं? माय होय मी तुही!"

"माय असशीन तं सांग, मी लहानपणी कोणत्या झाडावरून पडलो होतो?"

फोनमध्ये गाड्यांचा आवाज आला. मग बायनाबाईचा.

"झाडावर कवा चढला तू? पडला तो भागीरथाच्या उकिरड्यात. तेबी कोंबडा मांगं लागला म्हणून. चौथीत होता आन् चड्डीत..."

"बस, बस!"

आरमोरीचा मामा खाटेवरून खाली सरकला. हसण्याने त्याला ठसका लागला. सुनिल तर जमिनीवर बसला होता. पण प्रफुल्ल आता मागे हटायला तयार नव्हता. भरल्या अंगणात ही गोष्ट निघाली, तर ती खरी निघण्यापेक्षा चोराने सांगितलेली बरी, असं काहीतरी त्याला वाटत असावं.

"हे गावात कोणालेबी माहीत हाय," तो ओरडला. "कोण बोलून राह्यला बे तू? कुठून बोलून राह्यला?"

सरिता चुलीपाशी उभी राहून हे ऐकत होती. कढईत वडे लाल व्हायला आले होते. सासूने या अनोळखी नंबरचं सिम तिच्याचकडून घेववलं होतं, गेल्या महिन्यात, आणि कोणाला सांगू नको म्हणाली होती. सरिताने झारा हातात घेतला, वडे निथळून काढले, कढई उतरवली. आपण पुढे झालो की सगळ्यांसमोर नवऱ्याविरुद्ध उभं राहिल्यासारखं दिसेल, हे तिला कळत होतं. झारा तसाच हातात धरून ती अंगणात आली.

"अहो, नंबर सांगा. आईच हायेत त्या."

"तुले काय माहीत?"

"सिम मीच घेऊन दिलं त्यायले. आरमोरीच्या बँकेत गेल्या हायेत. मले सांगून गेल्या."

प्रफुल्लने तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या मोबाइलकडे.

"माय?" त्याने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"हो बापा. इथी मांगं लाइन लागली हाय."

"माय, ओटीपी कोणाले..."

"मी काय कोणी होय काय? खातं माहं हाय न?"

अंगणात कोणीच हसलं नाही. प्रफुल्लने मेसेज उघडला आणि एक एक आकडा वाचून दाखवला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "याची मुदत संपली दादा, दुसरा पाठवतो." पुन्हा मेसेज वाजला. प्रफुल्लने पुन्हा वाचलं. बऱ्याच वेळाने बायनाबाईचा आवाज आला, "झालं. ठेवतो आता." आणि फोन बंद झाला.

"नवा पिन काय ठेवला तिनं?" रोशनीने विचारलं.

प्रफुल्लने मोबाइल खिशात टाकला. तो घरामागे निघून गेला.

*

"टॅपबी चालू करून दिलं आजी," दीपिका म्हणाली होती. "कार्ड आल्यावर ते बंदच असते. आता दुकानात नुसतं टेकवलं तरी चालन. पण कार्ड दुसऱ्याच्या हाती द्याचं नाई, आन् पिन..."

"कोणालेच सांगाचा नाई. ते मले आमच्या प्रफुल्लनं शिकवलं हाय," बायनाबाई म्हणाली.

आरमोरीच्या बाजारात अतुलच्या बॅगांच्या दुकानासमोर ती जरा थांबली. दाराशी रंगीत बॅगा एकावर एक रचल्या होत्या. तिने आयुष्यभर प्रवास केला तो सिमेंटच्या पोत्याची पिशवी घेऊन. नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना दरवर्षी तीच पिशवी. डोक्यावर घेतली की मान दुखायची, हातात घेतली की बंद कापायचा. सरकत्या चाकांची लाल बॅग तिने बोटाने ढकलली. बॅग मुकाट्याने पुढे गेली.

"कोणाले द्याची हाय, बाई?" अतुलने विचारलं. "पोरीले?"

"नाई. मले."

भाव करून झाला. तिने कार्ड काढलं. अतुलने मशीन पुढे केलं. "टेकवा."

तिने टेकवलं. मशीन टुंग वाजलं आणि कागद बाहेर आला.

"झालं?"

"झालं."

"नंबर नाई इचारला?"

"एवढ्याले नाई इचारत बाई."

बायनाबाईला हे मुळीच पटलं नाही. या नंबरासाठी तिने मंडईच्या दिवशी पोराशी हुज्जत घातली होती.

"असं कसं? एवढी धावपळ करून नंबर केला मी. कायतरी काढा, नंबर इचारते असं."

अतुलला हसू आलं. "मंग एक छत्री घ्या. कार्ड आत घालतो, म्हणजे इचारन."

त्याने कार्ड मशीनमध्ये बसवलं. पडद्यावर चार रिकाम्या जागा आल्या. अतुलने तोंड फिरवलं. बायनाबाईने पदराचा आडोसा केला आणि एक एक बटण दाबलं, सावकाश, ओठ न हलवता. मशीनने मान्य केलं. बाहेर पडताना ती स्वतःशीच हसत होती. छत्री तिला नकोच होती. ऊन उतरलं होतं आणि पाऊस कधीच संपला होता.

*

लाल बॅग गावात शिरली, तेव्हा सिमेंटच्या रस्त्यावर चाकांचा असा खडखडाट झाला की मंडईतल्या फुगेवाल्याने मान वळवली. पोरं मागे लागली. रोशनीने आईला दुरून पाहिलं आणि तिच्या हातातली ताटं खाली पडली.

"सुनिल! माय बॅग घेऊन येऊन राह्यली. का जाऊन राह्यली? माय घर सोडते काय रे?"

"घर सोडणारा माणूस घराकडे कायले येईन?"

"कपडे भराले!"

रोशनी धावत घरामागे गेली. तिथे कापलेल्या धानाच्या रचलेल्या ढिगाला, पुंजण्याला टेकून प्रफुल्ल बसला होता. तिने एका दमात सांगितलं आणि तो उठेपर्यंत बायनाबाईच बॅग ओढत तिथे पोचली. मातीत चाकं रुतली, तेव्हा तिने बॅग उभी केली आणि पोराशेजारी बसली. रोशनी जायला निघाली. "बस इथीच," आई म्हणाली.

"कुठी चालली?" प्रफुल्लने बॅगेकडे पाहत विचारलं.

"अजून ठरवलं नाई. पहिले बॅग तं घेतली."

तो धानाची एक काडी दातांत धरून तोडत राहिला.

"मले चोर समजली काय तू?" शेवटी त्याने विचारलं. "एवढी वर्षं केलं सगळं. कधी मांगंपुढं केलं काय मी?"

"नाई. कधीच नाई."

"मंग? सरिताले सांगतं, आन् मले नाई?"

"चोर असता तं सोपं होतं. कवाचं भांडून घेतलं असतं." बायनाबाईने त्याच्या हातातली काडी काढून फेकली. "तू चांगला हायस, म्हणून बोलता आलं नाई. मी पैसे मांगले की तू देतच होता. पण पहिले इचारत होता, कायले पायजे. भागीरथाच्या नातीले झबलं घ्याचं, सांगा. पानाले पायजे, सांगा. तू काही वाईट नाई इचारत. पण मी या वयात उत्तर शोधत बसतो न लेका. कधी कधी खोटं सांगतो. औषधाले पायजे म्हणतो आन् चिवडा खातो."

रोशनी फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"मी असंच इचारत होतो," प्रफुल्ल म्हणाला. "बोलाचं म्हणून."

"मले माहीत हाय."

"मले सांगाचं न."

"सांगतलं असतं तं तू म्हणाला असता, बरं, आता नाई इचारत. आन् मंग न इचारता पाहत राह्यला असता." तिने त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकला. "हिशेब, घर, शेती, सगळं तूच पाहशीन. मले येते काय ते? कार्ड तेवढं राहू दे माह्याजवळ."

प्रफुल्लने खूप वेळ बॅगेचं हँडल वर केलं, खाली केलं. "लगित मजबूत हाय," तो म्हणाला. मग नाकातून हसला. "पण तो कोंबडा सगळ्यायसमोर सांगाचा नव्हता, माय."

"तूच तं इचारलं."

*

पंगत बसली तेव्हा उजेड होता. वडे, रस्सा, वांग्याची भाजी, भात. रोशनी भात वाढत होती आणि भावाकडे पाहत होती. सकाळी आपण ज्याची बाजू घेतली, तोच आता आईच्या बाजूने पाहुण्यांशी भांडतोय, हे पाहून तिला गंमत वाटत होती. आरमोरीचा मामा म्हणत होता, बुढ्या माणसांच्या हाती कार्ड म्हणजे धोका. आणि प्रफुल्ल जेवायचं सोडून सांगत होता, "धोका कायचा? पिन तिले पाठ हाय. टॅपची मर्यादा बँकेनं ठरवून देल्ली हाय. कार्ड हरवलं तं एक फोन लावला की बंद होते. मी ट्रेनिंग घेतलं हाय."

सरिता वड्यांची टोपली घेऊन त्याच्यासमोर थांबली. तिने वाढलं नाही. दुसरा हात पुढे केला. हाताला पीठ लागलेलं होतं.

"काय?" प्रफुल्लने विचारलं.

"माहंबी द्या."

"तुहं काय?"

"अंगणवाडीच्या मानधनाचं कार्ड. तुमच्या पाकिटात हाय."

प्रफुल्लने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. आई भात कालवण्यात दंग होती. त्याने डाव्या हाताने मागच्या खिशातून पाकीट काढलं, कार्ड ओढून बाहेर काढलं आणि सरिताच्या तळहातावर ठेवलं.

"याचा पिन..." तो म्हणाला.

"बदलून घेईन," सरिता म्हणाली, आणि त्याच्या पानात दोन वडे जास्त वाढले.

सुनिल मोठ्याने हसला. प्रफुल्लने पाकीट हातात तोलून पाहिलं आणि तोही हसू लागला.

रोशनीने भाताचं भांडं खाली ठेवलं. ती ओट्याच्या कोपऱ्यात गेली, पदराला हात पुसले आणि चिमूरला नवऱ्याला फोन लावला. तिकडून राजदीपने जेवण झालं काय, पोट्टे काय करून राह्यले, नाटक कोणतं हाय, असं सगळं विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली,

"अहो, एक इचाराचं होतं. माहं कार्ड कुठी हाय?"